जून २०२३ : चार मोकळ्या संध्याकाळी, सहा हजार रुपये आणि मराठी बोलणारा स्पायडर-मॅन

अणुरेणू (पुणे)
२७ मे २०२३, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

जून चार दिवसांवर आला आहे. गेली दीड-दोन वर्षे ज्या चित्रपटांची, मालिकांची आणि गेम्सची मी वाट पाहत होतो, त्यांपैकी बहुतेक याच एका महिन्यात येणार आहेत. माझी नोकरी पाळ्यांची असल्यामुळे महिन्यात जेमतेम चार संध्याकाळी पूर्ण मोकळ्या मिळतात आणि करमणुकीसाठी सहा हजार रुपयांहून अधिक बाजूला काढता येत नाहीत. म्हणून निवड विचारपूर्वक करावी लागणार आहे आणि त्यासाठी आपल्यासारख्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

चित्रपटगृहात १ जूनला, म्हणजे अमेरिकेच्याही एक दिवस आधी, ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ येत आहे. ८ जूनला ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा नवा भाग, १५ जूनला ‘द फ्लॅश’, १६ जूनला ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ आणि २९ जूनला ‘इंडियाना जोन्स’चा पाचवा भाग आहे. घरच्या पडद्यावर १५ जूनला ‘ब्लॅक मिरर’चा सहावा सीझन चार वर्षांच्या खंडानंतर येतो, २१ जूनपासून ‘सीक्रेट इन्व्हेजन’ सुरू होते आणि २९ जूनला ‘द विचर’च्या तिसऱ्या सीझनचा पहिला टप्पा आहे. गेम्समध्ये २ जूनला ‘स्ट्रीट फायटर ६’, ६ जूनला ‘डायाब्लो ४’ आणि २२ जूनला ‘फायनल फँटसी १६’ आहे. यांपैकी एकच गेम घेणे मला परवडेल.

मात्र मला सर्वांत जास्त अडवून ठेवणारा प्रश्न पहिल्याच चित्रपटाचा आहे. तो भारतात इंग्रजीसह दहा भाषांत प्रदर्शित होणार असून त्यांत मराठी आहे. हॉलीवूडचे मोठे चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत नियमित येतात. मराठीच्या वाट्याला ही संधी क्वचितच येते. २०१८ साली आलेला पहिला भाग मी इंग्रजीत तीनदा पाहिला आहे. मूळ आवाज, विशेषतः शमीक मूर याने साकारलेला नायक माइल्स, माझ्या कानांत इतका बसला आहे की दुसऱ्या आवाजाची कल्पना करणे अवघड जाते. दुसरीकडे असेही वाटते की, मराठीतला पहिलाच खेळ रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला, तर पुढच्या वेळी कोणी मराठीचा विचार करणार नाही. माझ्याकडे तिकीट एकदाच काढण्याइतके पैसे आहेत. ते कोणत्या भाषेतल्या खेळाचे काढावे, आणि उरलेल्या महिन्यात काय घ्यावे व काय सोडावे, हे कृपया सांगावे.

---

चित्रचौकट (मुंबई)
२८ मे २०२३, सकाळी ८.१५

अणुरेणू, मी अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझे उत्तर डोळ्यांच्या बाजूने असेल. या यादीत मोठा पडदा ज्याला खरोखर हवा असा चित्रपट माझ्या मते एकच आहे आणि तो म्हणजे १ जूनचा.

पहिल्या भागाने काय केले होते, ते थोडे सविस्तर सांगतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. संगणकावर होणाऱ्या अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा प्रत्येक चौकटीत पात्राची हालचाल थोडी पुढे सरकते आणि त्यामुळे सगळे गुळगुळीत दिसते. पहिल्या भागात माइल्सची हालचाल बऱ्याच ठिकाणी एकेका चौकटीआड केली होती, म्हणजे सेकंदाला १२ वेळा. जंगलातल्या प्रसंगात त्याच्या शेजारी झेपावणारा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर मात्र पूर्ण २४ चौकटींत हलतो. संवादाचा एक शब्दही न वापरता एक जण शिकाऊ आहे आणि दुसरा मुरलेला आहे, हे प्रेक्षकाच्या डोळ्याला कळते. शिवाय वेगाच्या वेळी चित्र पुसट करण्याची नेहमीची पद्धत त्यांनी टाळली आणि छापील कॉमिक्समध्ये असतात तसे ठिपके व किंचित सरकलेले रंग मुद्दाम आणले. २०१९ साली त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यानंतर संगणकीय अ‍ॅनिमेशन प्रत्यक्षासारखेच दिसले पाहिजे हा आग्रह सगळीकडेच सैल झाला, आणि आमच्यासारख्या लहान स्टुडिओंत काम करणाऱ्यांनाही त्यामुळे मोकळा श्वास घेता आला.

नव्या भागात एकच शैली नाही. कथेत अनेक समांतर विश्वे आहेत आणि प्रत्येक विश्वाची चित्रपद्धती वेगळी आहे. माइल्सची मैत्रीण ग्वेन हिचे जग जलरंगांत रंगवल्यासारखे आहे आणि तिच्या मनःस्थितीप्रमाणे भोवतालच्या भिंतींचे रंग बदलतात. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून घडवलेल्या ‘मुंबॅटन’ या शहराची चित्रशैली तर आपल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतली आहे. हे सगळे २ तास २० मिनिटांत भरलेले आहे.

आता भाषेबद्दल. आपल्याकडे इंग्रजी खेळांना बहुधा इंग्रजी उपशीर्षके असतात आणि एकदा ती पडद्यावर आली की इच्छा नसली तरी नजर खाली जातेच. इतक्या दाट चित्रांच्या चित्रपटात दर दोन-तीन सेकंदांना नजर खाली जाणे म्हणजे पानावरचे चित्र सोडून फक्त फुगे वाचत जाणे. मराठी खेळात तुमचे कान स्वतःचे काम करतील आणि डोळे पूर्ण मोकळे राहतील. मूळ आवाज तुम्हाला पुढे घरी ऐकता येईल. तो पडदा मात्र घरी येणार नाही. म्हणून मी मराठीच्या बाजूने आहे.

‘आदिपुरुष’बद्दलही दोन शब्द लिहितो. गेल्या ऑक्टोबरमध्ये अयोध्येत त्याची पहिली झलक दाखवली गेली तेव्हा दृश्यपरिणामांवर बरीच टीका झाली आणि जानेवारीतले प्रदर्शन पुढे ढकलून जूनवर नेण्यात आले. या वाढीव महिन्यांत नेमके काय सुधारले, हे व्यवसायातला माणूस म्हणून मी पाहणार आहे. दिग्दर्शक मराठी, हनुमानाच्या भूमिकेत देवदत्त नागे, काही गाण्यांना अजय-अतुल यांचे संगीत. त्यामुळे आपुलकीही आहेच. तरीही तुमच्याकडे चारच संध्याकाळी असतील, तर पहिल्या आठवड्यातील प्रतिसाद पाहून ठरवावे असे मी सुचवेन.

---

ओठजुळणी (ठाणे)
२८ मे २०२३, दुपारी ३.०५

चित्रचौकट यांचे म्हणणे पटले, पण कानांचीही बाजू मांडायला हवी. मी काही वर्षे लहान मुलांच्या मालिकांचे मराठी संवाद लिहिण्याचे काम केले आहे. प्रस्तुत चित्रपटाशी माझा काहीही संबंध नाही.

डबिंगचे संवाद लिहिणे म्हणजे भाषांतर करणे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते ओठांचे गणित आहे. म, ब, प या अक्षरांना ओठ मिटतात आणि पडद्यावर ओठ मिटलेले दिसत असताना कानावर ‘आ’ आला की प्रेक्षकाला काहीतरी चुकते आहे हे लगेच जाणवते, जरी काय चुकते हे त्याला सांगता आले नाही तरी. पडद्यावरचे पात्र ‘मेबी’ म्हणत असेल, तर शब्दकोशातला ‘कदाचित’ तेथे चालत नाही, कारण त्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. ‘बहुतेक’ मात्र पहिल्याच अक्षराला बसतो. ‘स्टॉप’ला ‘थांब’ हा शब्द तर जणू देवाने दिलेला आहे, कारण दोन्हींच्या शेवटी ओठ मिटतात. अशा शोधात एकेका वाक्याला अर्धा तास जातो, आणि तो शोध नीट लागला की प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरी अडचण त्याहून मोठी आहे आणि ती भाषेच्या पातळीची आहे. मराठी डबिंगमध्ये पुष्कळदा असे होते की ब्रुकलिनमधला पंधरा वर्षांचा मुलगा ‘मला क्षमा कर, मी तुझी फसवणूक केली’ अशा पाठ्यपुस्तकी भाषेत बोलू लागतो. संहितेत नियमानुसार सगळे शुद्ध असते. बोलणारे माणूस तेवढे हरवते. माइल्स आपल्या आईशी बोलताना इंग्रजीत स्पॅनिश मिसळतो, कारण ती प्वेर्तो रिकोच्या मुळांची आहे. ही मिसळ त्या घराची ओळख आहे. मी असतो तर स्पॅनिश शब्द तसेच ठेवले असते आणि आईच्या मराठीला थोडी वेगळी लय दिली असती. ‘मुंबॅटन’च्या स्पायडर-मॅनची, म्हणजे पवित्र प्रभाकरची भाषा हा तर सर्वांत नाजूक प्रश्न आहे. इंग्रजीत तो परक्या ठिकाणचा वाटतो, पण मराठी खेळात तोच सर्वांत घरचा असायला हवा. त्याने गिरगावच्या किंवा परळच्या मुलासारखे, हिंदी-इंग्रजी शब्द सहज ओढून घेणारे मराठी बोलावे. माइल्स, ग्वेन आणि पवित्र हे तिघे मराठीत एकाच ठशाचे बोलले, तर मूळ चित्रपटाचा अर्धा अर्थ गळून पडेल.

हिंदी आणि पंजाबी आवृत्त्यांत पवित्रचा आवाज शुभमन गिलने दिला आहे. परवाच मुंबईविरुद्ध १२९ धावा केल्यामुळे त्या दोन आवृत्त्यांची चर्चा आपोआप होईल. मराठी आवृत्तीला असे प्रसिद्ध नाव नाही आणि म्हणूनच तिच्यामागच्या कलाकारांची नावे प्रेक्षकांनी स्वतः शोधून लिहून ठेवावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. आवाज देणाऱ्यांना आणि संवाद लिहिणाऱ्यांना कामाचे पैसे मिळतात, ओळख फार क्वचित मिळते.

अणुरेणू, माझे मत असे : पहिला भाग आपण तीनदा इंग्रजीत पाहिला आहे, म्हणजे पात्रे आपल्याला ठाऊक आहेत. मराठी आवृत्ती पारखण्यासाठी आपल्यापेक्षा योग्य प्रेक्षक मिळणे कठीण आहे. काम चांगले झाले असेल तर तसे लिहा, कच्चे असेल तर नेमके कोठे कच्चे आहे ते लिहा. ‘मराठीत आहे म्हणून छान’ किंवा ‘मराठीत आहे म्हणून हास्यास्पद’ या दोन्ही प्रतिक्रियांचा आम्हाला काडीचाही उपयोग होत नाही.

---

जुनेअंक (नाशिक)
२८ मे २०२३, रात्री ९.५०

इंद्रजालचे नाव निघाले आणि मला लिहिल्यावाचून राहवेना. माझे वय साठीच्या पुढचे आहे. आजच्या गेम्समधले मला कळत नाही, परंतु कॉमिक्सच्या बाबतीत थोडा अधिकार सांगू शकतो.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० पर्यंत त्याचे आठशेहून अधिक अंक निघाले. सुरुवातीचे ३२ अंक केवळ वेताळाचे, म्हणजे ‘फँटम’चे होते; नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले आणि १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरती यांचा बहादूर आला. आम्ही हे अंक मराठीत वाचत असू. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ते दिवसाच्या भाड्याने मिळत आणि एक अंक आणला की चार घरांतली मुले तो त्याच दिवशी संपवीत. चित्रचौकट ज्या सरकलेल्या रंगांबद्दल लिहितात, ते आमच्या दृष्टीने छपाईतले दोष होते. वेताळाचा जांभळा रंग कधी त्याच्या खांद्याबाहेर सांडलेला असे, तर कधी लाल ओठ गालावर गेलेले असत. तोच दोष आज जगातले नामवंत चित्रकार मुद्दाम, मेहनतीने आणि प्रेमाने पडद्यावर पुन्हा उभा करीत आहेत, हे वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही.

ओठजुळणी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. आफ्रिकेतल्या घनदाट जंगलात राहणारा, मुखवटा घातलेला गोरा माणूस आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलत असे आणि ते आम्हाला कधीही विचित्र वाटले नाही. ‘फँटम’चा ‘वेताळ’ करणाऱ्या अनुवादकाने फक्त शब्द बदलला नव्हता. गावाच्या वेशीबाहेर शेंदूर लावलेला जो वेताळ प्रत्येक मराठी मुलाने पाहिलेला असे, त्याची सगळी भीती आणि सगळा दरारा त्या पात्राला एका शब्दात मिळवून दिला होता. परका नायक आपल्या भाषेत येऊ शकतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. मधल्या काळात आपण ती सवय मोडू दिली, एवढेच.

पवित्र प्रभाकरचा जन्मही कागदावरचाच आहे. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलच्या सहकार्याने चार अंकांची मालिका काढली होती. त्यात खेड्यातून मुंबईत आलेल्या या मुलाला कोळी चावत नाही, तर एक योगी शक्ती देतो. तो धोतर नेसतो. त्याच्या काकांचे नाव भीम आणि काकूंचे माया. पीटर पार्करला पवित्र प्रभाकर हा नादाचा खेळ झाला, पण महाराष्ट्रात प्रभाकर हे आडनाव न वाटता वडिलांचे नाव वाटते. त्यामुळे मला हा मुलगा नेहमी आडनाव गाळून ओळख करून देणारा वाटतो. मराठी आवृत्तीच्या लेखकाला हे लक्षात आले असेल का, याची मला उत्सुकता आहे.

२९ जूनच्या चित्रपटाविषयी थोडे. हॅरिसन फोर्ड ८० वर्षांचे आहेत आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित न केलेला हा त्या मालिकेतला पहिलाच भाग आहे. दिग्दर्शन जेम्स मॅनगोल्ड यांचे आहे. १९८४ च्या दुसऱ्या भागात आपल्या अमरीश पुरींनी खलनायक मोलाराम साकारला होता. ती कथा भारतात घडते, परंतु सरकारने संहितेतील चित्रणाला आक्षेप घेतल्यामुळे चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ झाले, आणि त्या चित्रणाचा रागही पुष्कळांना आला, तो रास्तच होता. नव्या भागात आर्किमिडीजची म्हणून जी चकती आहे, ती अँटिकिथेरा यंत्रावरून सुचलेली आहे. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ साली वर काढलेले हे यंत्र खरोखर अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्यात काशाची ३० दातेरी चाके शिल्लक असून सूर्य-चंद्रांच्या गती आणि ग्रहणे वर्तवण्यासाठी ते बनवले होते. चित्रपट पाहण्यापूर्वी त्या यंत्राविषयी अवश्य वाचावे. खऱ्या वस्तूची गोष्ट कोणत्याही साहसकथेहून कमी रोमांचक नाही.

---

सेव्हपॉइंट (कोल्हापूर)
२९ मे २०२३, सकाळी ११.२०

गेमच्या निवडीबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

‘फायनल फँटसी १६’ केवळ प्लेस्टेशन ५ वर येत आहे. आपल्याकडे ते कन्सोल नसेल तर विषय तेथेच संपतो. असेल तरीही, ही कित्येक तास चालणारी सलग कथा आहे आणि महिन्यात चार संध्याकाळी मिळणाऱ्या माणसाने ती तुकड्या-तुकड्यांत खेळू नये. पाळीपाळीने वार करण्याची जुनी पद्धत सोडून या वेळी पूर्णपणे थेट हातघाईची लढाई आणली आहे. तिची आखणी ‘डेव्हिल मे क्राय ५’वर काम केलेल्या रियोता सुझुकी यांच्याकडे असल्यामुळे मला स्वतःला ती हवी आहे, पण मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबणार आहे.

‘डायाब्लो ४’ची वाट मी ११ वर्षे पाहिली. तिसरा भाग मे २०१२ मध्ये आला होता आणि पहिल्या रात्री सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की जगभर हजारो लोकांना ‘एरर ३७’ हाच संदेश पाहत बसावे लागले. या वेळी मार्चमध्ये खुली चाचणी झाली आणि मेच्या मध्यावर सर्व्हरवर मुद्दाम ताण देण्यासाठी आणखी एक फेरी झाली. मी दोन्ही वेळा खेळलो आणि अंधाऱ्या, ओलसर वातावरणाचे काम अप्रतिम आहे असे मनापासून वाटले. मात्र एक गोष्ट पावसाळ्याच्या तोंडावर लक्षात घ्यावी : एकट्याने खेळतानाही या गेमला इंटरनेट सतत लागते. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वळवाच्या सरीला वीज जाते आणि विजेबरोबर इंटरनेटही जाते. ऐन लढाईत असे झाले की काय वाटते ते अनुभवलेल्यालाच कळेल. ज्यांना चार दिवस आधी खेळायचे आहे त्यांच्यासाठी महागड्या आवृत्त्या आहेत, पण सहा हजारांच्या मर्यादेत त्या विचारातही घेऊ नयेत.

आपल्यासाठी माझी शिफारस ‘स्ट्रीट फायटर ६’ची आहे. एक लढत दोन-तीन मिनिटांची असते, त्यामुळे पाळी संपवून आल्यावर अर्धा तास मिळाला तरी खेळ पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. तो प्लेस्टेशन ४ वरही चालतो आणि एप्रिलपासून त्याचा डेमो विनामूल्य उपलब्ध आहे, म्हणजे पैसे देण्यापूर्वी हात बसतो की नाही ते पाहता येते. या वेळी ‘मॉडर्न’ नावाची नियंत्रणपद्धती दिली असून तिच्यात अवघड चाली एका बटणावर होतात. माझे काही मित्र हिला नावे ठेवतात. मला हा निर्णय फार चांगला वाटतो, कारण माझ्या धाकट्या बहिणीला आजवर केवळ बोटांच्या त्या कसरतीमुळे माझ्याबरोबर खेळता येत नव्हते आणि डेमोत तिने मला दोनदा हरवले.

सुरुवातीला यात १८ लढवय्ये आहेत. त्यांत सहा पूर्णपणे नवे आहेत आणि आपला धालसिमही आहे. १९९१ च्या दुसऱ्या भागापासून तो या मालिकेत आहे. नव्वदच्या दशकात राजारामपुरीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणी टाकून खेळताना, जगभरातल्या गेममध्ये एक भारतीय माणूस आहे याचाच आम्हाला अभिमान वाटे. त्याच्या गळ्यातल्या कवट्यांचा आणि तोंडातून निघणाऱ्या आगीचा विचार करण्याइतके आम्ही मोठे नव्हतो. जुनेअंक यांनी दुसऱ्या इंडियाना जोन्सबद्दल जे लिहिले, तेच येथेही लागू होते. परदेशी कल्पनेतल्या त्या योग्यापासून ‘मुंबॅटन’मधल्या केस मिरवत झोके घेणाऱ्या हसऱ्या मुलापर्यंत मोठे अंतर कापले गेले आहे आणि दोघे एकाच आठवड्यात आपल्यासमोर येत आहेत.

---

एकभागरोज (पणजी)
२९ मे २०२३, सायंकाळी ७.३०

मालिकांबाबत थोडक्यात लिहिते, कारण येथे हिशेब सरळ आहे.

‘सीक्रेट इन्व्हेजन’चे सहा भाग आहेत आणि दर बुधवारी एक येणार आहे. म्हणजे जूनमध्ये दोनच भाग होतील आणि शेवटचा २६ जुलैला येईल. ‘द विचर’चा तिसरा सीझनही दोन तुकड्यांत आहे : पाच भाग २९ जूनला आणि उरलेले तीन २७ जुलैला. नायक गेराल्टच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिल यांचा हा शेवटचा सीझन असल्यामुळे तो तुटक न पाहता सलग पाहावा असे मला वाटते. त्यामुळे अणुरेणू यांनी जूनमध्ये या दोहोंसाठी एक रुपयाही खर्च करू नये आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्या-त्या सेवेचे महिन्याभराचे सदस्यत्व घेऊन दोन्ही पूर्ण करावे. ‘ब्लॅक मिरर’च्या पाच भागांच्या कथा एकमेकींपासून स्वतंत्र असतात, त्यामुळे त्यांनाही घाई नाही, त्याच महिन्यात रोज रात्री एक याप्रमाणे त्या पाहता येतील.

‘द फ्लॅश’चा उल्लेख कोणी केला नाही. मायकेल कीटन यांना ३१ वर्षांनी बॅटमनच्या वेषात पाहण्यासाठी मी स्वतः पहिल्या दिवशी जाणार आहे. १९९२ चा त्यांचा चित्रपट आमच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर होता आणि माझ्यासाठी बॅटमन म्हणजे तेच. ही ओढ ज्यांना नाही, त्यांनी थांबायला हरकत नाही.

आणखी एक सूचना, यादीबाहेरची असली तरी. ३० जूनला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ येत आहे. एक संध्याकाळ घरच्यांची म्हणून त्यासाठी राखून ठेवावी. आपले सगळे आवडते चित्रपट पाहायला घरचे लोक आपल्याबरोबर निमूटपणे येत असतात.

---

अणुरेणू (पुणे)
३० मे २०२३, रात्री ११.१०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने आणि इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

निर्णय झाला आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’चा डेमो काल रात्री उतरवून घेतला आणि पहिल्या तासाभरात सेव्हपॉइंट यांचे म्हणणे पटले; गेम तोच घेईन. मालिका जुलैअखेरीस पाहीन. २९ जूनच्या आठवड्यात इंडियाना जोन्स एकट्याने आणि केदार शिंदे यांचा चित्रपट आईबरोबर. अँटिकिथेरा यंत्रावर वाचायला सुरुवातही केली आहे आणि जुनेअंक यांचा मी कायमचा ऋणी आहे. ‘द फ्लॅश’ आणि ‘आदिपुरुष’ यांच्या बाबतीत आपणा सर्वांच्या प्रतिक्रियांची वाट पाहीन.

आणि १ जूनला मराठी खेळ. माझ्या घराजवळच्या चित्रपटगृहात इंग्रजीचे खेळ दिवसभर आहेत, हिंदीचेही आहेत, मराठीचा मात्र एकच आहे आणि तोही सकाळचा. गुरुवारी माझी दुपारची पाळी असल्यामुळे तो योगायोगाने जमतो आहे, परंतु शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीतही नोकरदार माणसाला सकाळचा खेळ पाहणे किती अवघड आहे हे सांगायला नको. संध्याकाळी एखादा खेळ असता तर प्रेक्षक आले असते की नाही, याचे उत्तर यामुळे मिळणारच नाही, याची मला खंत वाटते. मी त्या चित्रपटगृहाला तसे विनंतीपत्र पाठवले आहे आणि आपापल्या गावी आपणही पाठवावे असे सुचवतो.

एकाऐवजी दोन तिकिटे काढली आहेत. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, मराठी शाळेत शिकतो आणि स्पायडर-मॅनची त्याची सगळी ओळख दप्तरावरच्या चित्रापुरती आहे. शाळा उघडायला अजून दोन आठवडे आहेत. मी पहिला भाग इंग्रजीत पाहून जी मते बनवली, त्यांचा भार त्याच्यावर नाही. त्याच्यासाठी माइल्सचा पहिला आवाज मराठीच असेल. माझ्यापेक्षा त्याला काय वाटते हेच मी येथे आधी लिहीन. पुढचा भाग मार्च २०२४ साठी जाहीर झालेला आहे आणि ही गोष्ट या भागात पूर्ण होणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवले आहे.

ओठजुळणी, आपली विनंती लक्षात आहे. शेवटच्या नामावलीत मराठी आवाजांची आणि संवादलेखकाची नावे दाखवली गेली, तर ती संपेपर्यंत आम्ही उठणार नाही आणि वहीत उतरवून येथे देऊ.

---

ओठजुळणी (ठाणे)
३० मे २०२३, रात्री ११.४५

वाचून फार समाधान वाटले. एक छोटी सूचना : ही नावे दाखवतात तेव्हा सहसा अगदी शेवटी, एका पाटीवर, दोन रकान्यांत आणि बारीक अक्षरांत दाखवतात व ती पाटी काही सेकंदच राहते. त्यामुळे डावा रकाना तुम्ही वाचा आणि उजवा भाच्याला वाचायला सांगा.